अंशात लेकी, छेदात सुना: वर्धा जिल्ह्यातले चार दिवस

या वेळी लिहायचं नव्हतं. गुडघे दुखत होते, आणि चार दिवसांत जे पाहिलं ते फोटो काढून इथे लावण्यासारखं नव्हतं. पण परत आल्यावर पाचव्या दिवशी तिथल्या आशांच्या, म्हणजे गावोगावच्या आरोग्य कार्यकर्त्यांच्या, मोबाईल गटात एक निरोप फिरला. ‘बाहेरून आलेल्या मॅडमनी तपासणी केली. सुनंदाबाईंच्या गावाचे आकडे चुकीचे निघाले.’ बाहेरून आलेली मॅडम म्हणजे मी. मी असं म्हटलेलं नाही. याच्या बरोबर उलट म्हटलं, लेखी दिलं आणि पोच घेतली. म्हणून हे लिहिते आहे. माणसांची नावं बदलली आहेत. गावांची आणि तालुक्याची नावं, जिथे कुणाला त्रास होईल तिथे, लिहिलेली नाहीत.

नवीन वाचकांसाठी एवढंच: मी अमरावतीला राहते. दुसऱ्या एका जिल्ह्यात आरोग्य खात्यात सांख्यिकी सहायक म्हणून आयुष्य काढलं. त्याच्या आधी संख्याशास्त्रात बी.एस्सी. केलं, तेव्हा वर्गात आम्ही तिघी मुली होतो. निवृत्तीनंतर एकटी फिरते, शक्यतो एसटीनं, आणि फिरल्यावर इथे लिहिते.

नीलिमाचा फोन जानेवारीत आला. ती पूर्वी माझ्या हाताखाली होती. आता वर्धा जिल्ह्यात माता आणि बाळांच्या आरोग्याचं काम करणाऱ्या एका लहान संस्थेत आहे. तिनं नेहमीप्रमाणे तब्येत विचारली नाही, त्यावरून काम आहे हे कळलं.

“मॅडम, चार दिवस याल का? एका गावाचे आकडे बसत नाहीयेत.”

“तुला बसवता येत नाहीत?”

“मला येतात. माझं कुणी ऐकत नाहीये.”

पहिला दिवस

बडनेऱ्याहून सकाळची गाडी धरली. धामणगाव, पुलगाव, वर्धा. दोन तासांच्या आतबाहेरचा प्रवास आहे, आरक्षणाची गरज नाही. खिडकी मिळाली तर डावीउजवीकडे कापसाची शेवटची वेचणी आणि उभी तूर दिसते. पुलगावला गाडीत आलूबोंडे येतात. ते गरम असतील तरच घ्या.

नीलिमा वर्ध्याला लागूनच, पिपरी मेघेत भाड्यानं राहते. वीस वर्षांपूर्वी मी इथे आले होते तेव्हा मोकळे प्लॉट होते. आता घराला घर लागलं आहे, गल्लीत चारचाकी वळत नाही आणि प्रत्येक दुसऱ्या घरावर शिकवणीची पाटी आहे. राहायला वर्ध्यात बस स्टँडजवळ साधे लॉज आहेत. एकट्या बाईला खोली देताना दोन प्रश्न जास्त विचारतात, पण देतात.

जेवण झाल्यावर तिनं लॅपटॉप उघडला. तालुक्यातल्या गावांचा तक्ता होता. गाव बरं असेल तर हिरवं, मध्यम असेल तर पिवळं, वाईट असेल तर लाल. आंजीच्या पुढच्या भागातलं एक गाव दोन रकान्यांत लाल होतं. एक रकाना अडीच किलोपेक्षा कमी वजनाच्या बाळांचा, दुसरा वर्षाच्या आत गेलेल्या बाळांचा. आजूबाजूची सगळी गावं हिरवी.

“ही सुनंदाबाई,” नीलिमा म्हणाली. “बारा वर्षं आशा आहे. चौथ्या दिवशी आढावा बैठक आहे. तिला काढायचा प्रस्ताव येणार आहे. कारण लिहिलंय, कामात कसूर.”

“आणि तुला काय वाटतं?”

“मला वाटतं, तीच एकटी नीट मोजते.”

वाटणं मी ऐकून घेते, लिहून घेत नाही. तक्ता पुन्हा पाहिला. एकाच पाण्याची, एकाच पिकाची, एकमेकांत सोयरिकी असलेली गावं. त्यातलं एकच गाव असं उठून लाल दिसावं, तर एकतर तिथे खरंच काही बिघडलेलं असतं, किंवा बाकीच्या ठिकाणी मोजणं बिघडलेलं असतं. दोन्ही शक्यता तपासाव्या लागतात. पाठ दुखत होती. झोपले.

दुसरा दिवस

वर्ध्याहून आंजी (मोठी)ला जायला एसटी आहे. बायकांना अर्धं तिकीट. आंजी गाव मोठं आहे, चहा-पोहे मिळतात, पोह्यांवर तर्री मागितली तरच टाकतात. पुढे ऑटो. ऑटोवाल्यानं मला पुढच्या बाकावर बसवलं आणि मागे माणसं भरत राहिला.

“किती घेणार?” मी विचारलं.

“मी गर्दी नाई करत म्याडम. नऊच घेतो.”

“आणि हे दहावे कोण?”

“हे आमचे मामा होत. त्यायले मोजत नाई.”

त्या दिवशी मोजणीबद्दल मला मिळालेला हा पहिला धडा. तेव्हा मी फक्त वैतागले.

सुनंदाबाई बुद्धविहाराच्या ओट्यावर थांबली होती. चाळिशीची, काटक, निळी किनार असलेली साडी, खांद्याला आरोग्याची पिशवी. बहुतेक तिला कुणीतरी सांगितलं होतं की चौकशीला मॅडम येणार. ती ‘नमस्कार’ एवढंच म्हणाली आणि चालायला लागली.

पहिल्याच घरी दहा दिवसांची मुलगी होती. आईचं हे माहेर. आजीनं बाळाला दोन दुपट्यांत गुंडाळून, स्वेटर घालून, टोपडं बांधून असं बांधलं होतं की फक्त नाक दिसत होतं. जानेवारी होता, घर मातीचं, दारातून वारा येत होता. मला स्वतःला शाल लागत होती.

“उघडं नको करू व सुनंदा,” आजी म्हणाली. “पोट्टी गारठून जाईन.”

“नाई करत मावशी. तशीच टाकते झोळीत.”

पिशवीतून काट्याची झोळी निघाली. बाळ झोळीत, काटा हातात धरून सुनंदाबाईनं आकडा वाचला आणि वहीत लिहिला. मग खाली बसली आणि वाट पाहू लागली. आजीनं चहा ठेवला. चहा झाला, पिऊन झाला, तरी ती बसलीच. मी घड्याळ पाहिलं.

“कशाची वाट पाहताय?”

“पोट्टी ओली करन ना आता,” ती म्हणाली. “मंग कपडे बदलते ते. तवा आत काय काय घातलं ते दिसते, अन तेवढंच मोजते.”

“अन ओले कपडे मोजशीन?” आजी म्हणाली. “तुये मॅडम काय म्हणतीन?”

“ओले नाई मावशी. असलेच सुके जोड हायेत ना पेटीत, ते दे. एक दुपटं तू पांघरूणच ठेवजो तिच्यावर.”

अर्ध्या तासानं बाळानं आपलं काम केलं. आजीनं पेटीतून तसलीच दोन दुपटी, तसलंच स्वेटर आणि टोपडं काढून दिलं. सगळं झोळीत घातलं. पावणेचारशे ग्रॅम भरलं. सुनंदाबाईनं वहीत वजाबाकी केली. कपड्यांसकट बाळ अडीच किलोच्या वर होतं. कपड्यांशिवाय बावीसशेच्याही खाली.

मी वही मागितली. तिनं क्षणभर पिशवीचा बंद घट्ट धरला, मग दिली. साधी शंभर पानी वही, हातानं आखलेली. प्रत्येक बाळासमोर तीन रकाने: कपड्यांसकट, कपडे, बाळ. उन्हाळ्यातल्या बाळांचे कपडे हलके, थंडीतल्यांचे जड. बारा वर्षांच्या वह्या घरी पत्र्याच्या पेटीत आहेत म्हणाली.

“हे कुणी शिकवलं?”

“कोनी नाई. पयल्या साली मायाच पुतनीचं लेकरू असंच लिहिलं व्हतं. अडीच. आठ दिवसांनी दवाखान्यात नेलं तं दोन किलोच भरलं. नर्सबाई म्हने, तुमी काय आंधळ्या होत्या का? मंग मी काटा नेला अन दुपटं मोजलं.”

दुपारी ती मला शेजारच्या गावात सोडून, वही माझ्याकडे ठेवून परत गेली. तक्त्यावर हे गाव हिरवं. तिथल्या आशेला आपण रंजना म्हणू. तरुण, हसरी, घरात सगळी कागदपत्रं फाईलीत लावलेली. तिनं वांग्याची भाजी आणि जवसाची चटणी वाढली. भाजी इतकी चांगली होती की पुढचं बोलणं मला जड गेलं.

तिच्या रजिस्टरमधल्या वजनांवर मी एक साधी गोष्ट केली. चौकटींच्या कागदावर प्रत्येक बाळासाठी वजनाच्या जागी एक टिंब. ज्यांना असं काही करायचं असेल त्यांनी हेच करावं, यंत्र लागत नाही. खरी मोजलेली वजनं टेकडीसारखी पसरतात, थोडी इकडे, थोडी तिकडे. रंजनाच्या कागदावर टेकडी नव्हती. अडीचवर एक खांब उभा होता आणि त्याच्या डावीकडे जवळजवळ काही नव्हतं.

“आमच्या गावचं पाणीच तसं हाय म्याडम,” ती म्हणाली. “लेकरं तब्येतीचे होतेत.”

“पाणी दोन्ही गावांना एकाच टाकीचं आहे.”

तिनं रजिस्टर जवळ ओढलं. मग म्हणाली, “काटा दाखवते तेच लिहिते मी. खोटं नाई लिहत.”

“कपडे काढून?”

“थंडीत? सासवा अंगावर येतेत.”

“आणि काटा चोवीसशे दाखवला तर?”

ती भांडी उचलता उचलता बोलली. “कमी लिहिलं तं वरून फोन येते. काऊन कमी? भेटी वाढवा, फारम भरा, फोटो टाका. ते करून टाकीन मी. पन घरचे म्हणतेत, आशाताईनं आमच्या सुनेचं नाव खराब केलं. दुसऱ्या दिवशी दार उघडत नाईत. दार उघडलंच नाई तं मी काय मोजू?”

मी तिचं बोलणं लिहून घेतलं आणि तिला वाचून दाखवलं. तिनं एक शब्द बदलायला सांगितला. ‘घरचे’च्या आधी ‘काही’ घाला म्हणाली. घातला.

तिसरा दिवस

वजनांचा उलगडा झाला होता. बाळमृत्यूंचा झाला नव्हता. सुनंदाबाईच्या वहीत वर्षभरात दोन बाळं गेली होती. लहान गावात दोन फार असतात. वही आदल्या रात्री नीलिमाच्या घरी उतरवून घेताना एक गोष्ट दिसली आणि मी स्वतःवरच चिडले, कारण ती वही हातात आली तेव्हाच दिसायला हवी होती. गेलेली दोन्ही बाळं गावातल्या लेकींची होती. पहिल्या बाळंतपणासाठी माहेरी आलेल्या लेकींची.

आणि तक्त्यात ज्या गरोदर बायकांच्या संख्येनं भागत होते, त्या सगळ्या सुना होत्या.

हे नीट सांगते, कारण सगळं यावर आहे. आपल्याकडे बाईची गरोदरपणाची नोंद सासरच्या गावात होते. सातव्या-आठव्या महिन्यात ओटी भरून ती माहेरी जाते. बाळ माहेरी होतं. म्हणजे प्रत्येक गावात नोंदलेल्या सुना बाहेर गेलेल्या असतात आणि न नोंदलेल्या लेकी आत आलेल्या असतात. सुनंदाबाई आलेल्या लेकींची बाळं मोजत होती, त्यांतलं गेलेलं बाळही लिहीत होती. वर बसलेला माणूस त्या बाळांना गावातल्या सुनांच्या आकड्यानं भागत होता. अंशात लेकी, छेदात सुना. असा भागाकार शाळेतल्या मुलीनं केला असता तर मी वही परत केली असती.

बाकीची गावं काय करत होती? माहेरी आलेल्या लेकीचं बाळ ‘ते तिकडचं’ म्हणून सोडून देत होती. गेलेलं बाळही तिकडचंच. तिकडच्या आशेला ते झालं हेही माहीत नसायचं.

माझा अंदाज खरा की खोटा ते पाहायचं तर एका सुनेच्या मागे जायला हवं होतं. वहीत एक नाव होतं, प्रणाली. पुढे लिहिलेलं: ‘माहेरी, जामकडे. फोन लागत नाही. बाळ?’ प्रश्नचिन्ह लाल पेननं काढलेलं होतं.

वर्ध्याहून जामला बसनं गेलो, नीलिमा आणि मी. रस्ता चांगला आहे. जाम म्हणजे हायवेचा चौक. नागपूर-हैदराबादचे ट्रक, टायरची दुकानं, उसाच्या रसाची बंद गाडी, संत्र्यांचे ढीग. चहा ठिकठिकाणी मिळतो, बायकांसाठी स्वच्छतागृह शोधावं लागतं. पेट्रोल पंपावर विचारा, नाही म्हणत नाहीत. तिथून प्रणालीच्या माहेरच्या गावी जायला तासभर थांबलो तेव्हा गाडी मिळाली.

घर कुणब्याचं, अंगणात कापसाची गाठोडी. प्रणाली पायरीवर बसून बाळाला तेल लावत होती. मुलगी, तीन महिन्यांची. डोळे मोठे, मांड्या बारीक. दीड महिन्याला जी लस द्यायची ती दिलेली नव्हती. वजन जन्मल्यावर दवाखान्यात झालं, नंतर नाही. कार्ड सासरी होतं.

“इथली आशाताई येत नाही?” नीलिमानं विचारलं.

“येते ना,” प्रणालीची आई म्हणाली. “काल बी आलती. बाजूच्या सुनेले पाहाले.”

“आणि हिला?”

“हे तं तिकडची हाय. हिची नोंद तिकडं.”

आशेला बोलावलं. चांगली बाई होती, धावत आली. तिनंही तेच सांगितलं, थोडी ओशाळून. “माझ्या यादीत नाव नाई ना मॅडम. यादीत नसलेल्याचं लिहिलं तं विचारतेत, हे कुठून आलं. मागच्या साली एकीचं लिहिलं, तर नाव खोडायला लावलं.”

सुईणी, नर्सा, आशा, सगळ्यांना मी आयुष्यभर रागावत आले. या बाईला रागावता आलं नाही. तिनं त्याच दुपारी बाळाला उपकेंद्रात न्यायचं कबूल केलं आणि आमच्यासमोर सिस्टरला फोन लावला. मी अंगणातून सुनंदाबाईला फोन केला.

“प्रणालीचं बाळ आहे. मुलगी आहे.”

“वजन किती हाय?”

“आज होईल.”

“कपडे काढून सांगजा त्यायले.”

परत आल्यावर आम्ही दोघी वर्ध्याहून पुन्हा सुनंदाबाईच्या गावी गेलो, कारण एक प्रश्न उरला होता आणि तो फोनवर विचारण्यासारखा नव्हता. ऊन उतरत होतं. ती दारात तुरीच्या शेंगा सोलत होती. गेलेल्या दोन बाळांपैकी एक दवाखान्यातच दुसऱ्या दिवशी गेलं होतं, वेळेआधी झालेलं. दुसरं घरी, एकोणिसाव्या दिवशी. आशेनं ठरलेल्या दिवशी घरी जाऊन बाळ पाहायचं असतं. तिसरा, सातवा, चौदावा, असे दिवस. वहीत तिसऱ्या आणि सातव्या दिवसासमोर सगळं लिहिलेलं होतं. चौदाव्यासमोर तिच्याच अक्षरात होतं: ‘गेली नाही. सर्व्हेत होती.’ कामात कसूर म्हणून जो पुरावा जोडला होता, तो हाच. तिनं स्वतः लिहिलेली ओळ.

“हे तुम्ही का लिहिलं?” मी विचारलं. “बरोबरची खूण केली असती तर कुणाला कळलं नसतं.”

“गेली नाई तं गेली कसं लिहू?”

“कुष्ठरोगाचा सर्व्हे होता?”

“हाव. तीन दिवस. सगळ्यायले लावलं व्हतं. सोळाव्या दिवशी गेली मी, तं दाराले कुलूप. ते मामाच्या घरी गेलते.” शेंगा सोलणं थांबलं नव्हतं. “बाळ सुस्त व्हतं म्हणे सहा दिवसांपासून. पीत नव्हतं. मी गेली असती तं दिसलं असतं.”

“चौदाव्या दिवशी जायला हवं होतं,” मी म्हणाले.

“हाव. जायला पाह्यजे व्हतं.”

तिला बरं वाटेल असं काहीतरी बोलता आलं असतं. नीलिमा माझ्याकडे पाहत होती. पण ती बाई बारा वर्षं दुपट्याचंही वजन वजा करत आली होती. तिच्याशी गोड बोलणं हा तिचा अपमान झाला असता. मी सांगितलं की अहवालात चुकलेली भेट लिहिणार, आणि त्या तीन दिवसांत तिला सर्व्हेला कुणी लावलं तेही लिहिणार.

“लिहा,” ती म्हणाली. “दोन्ही लिहा.” मग शेंगांचं सूप माझ्याकडे सरकवलं. “बसा, हात चालू द्या तवर. तुमची गाडी यायले वेळ हाय.”

सोलत बसले. तिचा नवरा गवंडी, कामाला हिंगणघाटला. मुलगी बारावीत, नर्सिंगला जायचं म्हणते. आशेचं काम गेलं तर काय, हे मी विचारलं नाही. घराकडे पाहून कळत होतं.

चौथा दिवस

बैठकीच्या आधी तालुक्याच्या आरोग्य अधिकारी साहेबांनी अर्धा तास दिला. माणूस वाईट नाही. तीन जागांचा भार एकाच्या डोक्यावर, टेबलावर डबा न उघडलेला. मी टिंबांचे दोन कागद शेजारी शेजारी ठेवले. एक टेकडी, एक खांब. मग लेकी-सुनांचा भागाकार सुटा करून दाखवला. तो पाच मिनिटांत समजला त्यांना. चेहऱ्यावरून वाटलं, आधीच समजलेला असावा.

“मॅडम, तुमचं गणित बरोबर आहे,” ते म्हणाले. “पण हे मान्य केलं तर मी वर काय पाठवू? आज माझं एक गाव लाल आहे. उद्या सगळा तालुका लाल होईल.”

“तो आजही आहे. दिसत नाहीये.”

“तुम्ही निवृत्त आहात.”

“हो. म्हणून मला बोलावलं असेल.”

ते हसले, पण थकल्यासारखे. “त्या बाईची भेट चुकली हे तर खरं?”

“खरं. पान मी जोडलंय. त्या तारखांना सर्व्हेचा आदेश कुणाच्या सहीनं निघाला, तेही पान जोडलंय.”

त्यांनी ते दुसरं पान उलटून पाहिलं. सही त्यांचीच होती. बैठकीत मला बसू दिलं नाही. बाहेर व्हरांड्यात दोन तास बसले. आशा एकेक करून आत जात होत्या. रंजना माझ्यापुढून गेली, खाली पाहून. परत आली तेव्हा माझ्याजवळ थांबली आणि हळू म्हणाली, “मी सांगतलं आतमंधी. दुपट्याचं.” आणि निघून गेली.

सुनंदाबाईला काढायचा प्रस्ताव तीन महिने पुढे ढकलला. रद्द नाही, पुढे ढकलला. नीलिमाला आनंद झाला. मला झाला नाही. असल्या तीन महिन्यांत काय होतं हे मी नोकरीत पाहिलं आहे. माणूस हळूहळू सगळ्यांसारखं लिहायला शिकतो.

संध्याकाळच्या गाडीनं परत. वर्ध्याला गेलात तर गोरसपाक (गाईच्या तुपातली बिस्किटं) आणा, टिकतो. मी दोन पुडे आणले. शेजारी दिले.

घरी

चार दिवसांचा खर्च फार नाही. एसटी, ऑटो, चहा, झेरॉक्स. झेरॉक्सला सगळ्यात जास्त गेले. थकवा मात्र आठ दिवस गेला नाही. पूर्वी आकडे चुकले की मला राग यायचा आणि रागात काम व्हायचं. आता दिसतं की प्रत्येक चुकीच्या आकड्यामागे एक न उघडलेलं दार आहे, एक फोन आहे, एक नाव खोडायला लावलेलं रजिस्टर आहे. हे दिसल्यानं आकडा दुरुस्त होत नाही. दुरुस्त मोजूनच करावा लागतो, आणि मोजणाऱ्या बाईला जागेवर ठेवावं लागतं.

मग तो निरोप फिरला. त्याच संध्याकाळी सुनंदाबाईचा फोन आला. रडणं नाही, तक्रार नाही.

“म्याडम, आज एक बाळ झालं. सून हाय, पन माहेरी गेलीच नाई, आई नाई तिले. एकोणीसशे भरलं. तीन महिने झाल्यावर लिहू का आत्ता लिहू?”

“तुम्हाला काय वाटतं?”

“मी लिहूनच फोन केला,” ती म्हणाली. “तुमाले सांगावं म्हटलं फक्त.”

बाळ दवाखान्यात आहे. आईच्या छातीला बांधून ठेवलं आहे, दूध ओढतं. वजन खरं लिहिलं म्हणून ते तिथे आहे. अडीच लिहिलं असतं तर घरी असतं.

कुणी काय म्हटलं यावर पुन्हा वाद नको, म्हणून मी तालुका कार्यालयात काय दिलं त्याची नोंद इथे ठेवते. बैठकीच्या दिवशी, दुपारी, आवक शिक्क्यासह दिलेलं:

दोन गावांच्या जन्मवजनांचे टिंबांचे कागद, दोन. खाली काढण्याची रीत लिहिली आहे, कुणीही पुन्हा काढून पाहावी.

लेकी आणि सुना वेगळ्या करून मांडलेला तक्ता, एक. सोबत साध्या भाषेत एक पान: या गावाचे आकडे बरोबर आहेत, भागाकार चुकला आहे.

सुनंदाबाईंच्या वहीची छायाप्रत, सगळी पानं, चौदाव्या दिवसाच्या पानासह. तेच पान वर ठेवलं आहे.

सर्व्हेच्या आदेशाची छायाप्रत, एक.

रंजनाबाईंचं म्हणणं, त्यांच्या परवानगीनं, त्यांच्या दुरुस्तीसह, एक पान.

जामकडच्या मुलीची नोंद, एक. त्या दिवसापर्यंत ती कुठल्याच गावाच्या यादीत नव्हती. आता दोन्हीकडे आहे, दोनदा मोजू नये असं समासात लिहिलं आहे.

कार्यालयानं मूळ वही मागितली होती. दिली नाही. ती पानं मोजून सुनंदाबाईंच्या हातात परत केली. त्यांनी माझ्या कागदावर सही केली, आणि तिथेच वहीत त्या दिवसाच्या तारखेखाली तीन रकाने आखले.